सहाव्या खुर्चीचं सौंदर्यशास्त्र

प्योसाहेबांना आयुष्याकडून फार काही नको होतं. कुणीतरी, एकदा तरी, चारचौघांत आपल्याला 'सर' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ते बाथरूमच्या टाइल्स बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. कचेरीत त्यांना 'विभागप्रमुख' म्हणत, पण हल्लीची पोरं हा शब्द अशा सुरात उच्चारत की जणू वाटेत आलेलं एखादं कपाट बाजूला करायचं आहे. आणि गुन्पो शहरातल्या ज्या वसाहतीत ते अठरा वर्षं राहत होते तिथे तर त्यांना स्वतःचं नावच नव्हतं. तिथे ते 'हा-गोनचे बाबा' होते. हा-गोन हा त्यांचा मुलगा. तो सध्या सैन्यात सक्तीची नोकरी बजावत होता, म्हणजे घरात नव्हता. पण नसतानाही बापापेक्षा जास्त ओळखीचा होता.

वसाहतीत 'सर' एकच, ते म्हणजे निवृत्त उपमुख्याध्यापक गुक. तळमजल्यावरच्या छोट्या वाचनालयात दर महिन्याला ते जुन्या चित्रांतल्या वाघांवर व्याख्यान देत. वाघ संपले की पुन्हा पहिल्या वाघापासून सुरू करत. श्रोते बार्लीचा चहा पीत, संत्री सोलत, आणि जाताना वाकून 'छान झालं हं, सर' म्हणत. प्योसाहेब मागच्या रांगेत बसून हे ऐकत आणि त्यांच्या पोटात काहीतरी हलत असे. बायकोला वाटे, संत्री बाधली.

मग गुक सर लेकीकडे जेजू बेटावर राहायला गेले आणि ती खुर्ची रिकामी झाली.

महिला मंडळाच्या अध्यक्षा मेंगबाई यांच्या हातात वसाहतीतल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी होत्या, म्हणजे कचरा आणि संस्कृती. त्यांनी जाहीर केलं की ज्याचं पहिलं व्याख्यान रंगेल त्याला ही जागा कायमची मिळेल. प्योसाहेब दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे हजर.

"विषय कुठला घेणार, हा-गोनचे बाबा?"

"टाइल्सचा पृष्ठभाग."

"टाइल्स आम्ही रोज बघतो हो," मेंगबाई म्हणाल्या, "बसून. काहीतरी तरुण घ्या. वाचनालयात तरुण मंडळी येत नाहीत म्हणून पालिकेची बाई कुरकुरतेय."

तरुण विषय कुठून आणायचा, या चिंतेत प्योसाहेब असतानाच मंगळवार उजाडला. मंगळवारी संध्याकाळी आख्खी वसाहत सपाता घालून कचरा वेगळा करायला खाली उतरते. कागद इकडे, काच तिकडे, प्लॅस्टिक पलीकडे. इथे माणसाची पारख त्याच्या मोटारीवरून होत नाही. दुधाचा खोका तो धुऊन, चपटा करून टाकतो की नाही, यावरून होते. त्या संध्याकाळी कागदाच्या ढिगापाशी पहारेकरी गीकाका कंबरेवर हात ठेवून उभे होते. समोर 'किलोवॅट' नावाच्या गाणाऱ्या पोरांच्या नव्या अल्बमचे डबेच्या डबे रचून पडलेले.

"हे कागदात कुणी टाकलं?" गीकाका गरजत होते. "याच्या झाकणात चुंबक, पाठीला कापड, आत प्लॅस्टिकचं तबक, त्यात गाण्याची तबकडी, आणि वर एक अत्तर लावलेला कागद! हे नक्की कशात जातं, ते बनवणाऱ्याने तरी सांगावं!"

गीकाकांचा राग शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता. प्रत्येक ढिगात थोडी बसणारी आणि म्हणून एकाही ढिगात न बसणारी अशी वस्तू माणसाने मोठ्या कष्टाने बनवली होती. लगेच छतावरच्या भोंग्यांतून घोषणा झाली: ज्यांनी हा प्रकार केला त्यांनी निमूट पुढे यावं, नाहीतर दंड. साहजिकच कुणी पुढे आलं नाही.

प्योसाहेबांनी मात्र एक डबा उचलला, आणि अठ्ठावीस वर्षं टाइल्स तपासणाऱ्या त्यांच्या बोटांना काहीतरी जाणवलं. झाकणावर निळसर राखाडी रंगात एक लांब टेबल आणि सहा खुर्च्या उठावदार छापल्या होत्या. कोपरे काटेकोर नव्वद अंशांत. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विषय मिळाला! 'पॉप अल्बमच्या वेष्टनाचं दृश्यविश्लेषण.' याहून तरुण ते काय असणार?

नमुना एक नको, तीन हवेत, म्हणून त्यांनी तीन डबे काखेत मारले. इथे पहिली अडचण आली. व्यवस्थापन कार्यालयातला कारकून म्हणाला, वसाहतीतला कागद कंत्राटदाराच्या मालकीचा, तो असा नेता येत नाही. कागदाचा कंत्राटदार फोनवर म्हणाला, यात प्लॅस्टिक आहे, माझा संबंध नाही. प्लॅस्टिकवाला म्हणाला, यात कागद आहे. सरतेशेवटी असं निष्पन्न झालं की ते डबे कुणाचेच नाहीत, आणि कुणाचेच नसल्यामुळे नेण्याची परवानगी देणारंही कुणी नाही. शेवटी, व्याख्यान झाल्यावर हे डबे, शिवाय गीकाकांनी कोठीत ठेवलेले बाकीचे सगळे, मी स्वतः सुटे करून योग्य त्या ढिगांत टाकीन, असा शब्द प्योसाहेबांना द्यावा लागला. कलेसाठी माणूस काय काय कबूल करतो!

घरी दार उघडलं आणि त्यांच्या काखेतले डबे बघून बायको, म्हणजे मी-रान, पांढरीफटक पडली.

"हे... हे तुम्ही परत घरात कशाला आणलंत?"

'परत' या शब्दावर एखाद्या चौकस माणसाने थबकायला हवं होतं. प्योसाहेब थबकले नाहीत. बायकोला स्वच्छतेचं वेड आहे, हे त्यांचं फार जुनं निदान होतं.

"पुसून घेतलेत गं. यावर मी व्याख्यान देणार आहे."

"त्यापेक्षा टाइल्सवर बोला ना. टाइल्सवर किती सुंदर बोलता तुम्ही."

लग्नाच्या चोवीस वर्षांत मी-रानने त्यांच्या टाइल्सविषयीच्या बोलण्याची ही पहिलीच स्तुती केली होती. त्यांनी ती तिच्या मत्सराच्या खात्यात जमा केली.

इथे मी-रानविषयी थोडं सांगायला हवं. ती दाताच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसे. शांत बाई. हा-गोन सैन्यात गेल्यावर तिने त्याची खोली बंद ठेवली होती, 'पोराच्या वस्तू जशाच्या तशा राहू देत' म्हणून. आता तो रजेवर यायचा होता, म्हणून चार दिवस ती एकटीच आत राबत होती. आईचं काळीज, प्योसाहेब म्हणाले आणि बातम्या बघत राहिले. नातेवाइकांवरही तिचा फार जीव. घरच्या फ्रिजवर लोकरी टोपीतल्या एका गोड पोराचा फोटो होता. तोच तिच्या फोनच्या पारदर्शक कव्हरमध्येही. कोण हा, असं प्योसाहेबांनी एकदा जेवताना विचारलं, तेव्हा तोंडात किमचीचा घास असलेली मी-रान म्हणाली, "आमच्या हे-सुकताईचा धाकटा. राओन." तेव्हापासून दर नोव्हेंबरात राओनच्या वाढदिवसाला घरी केक येई. राओन नसे, पण प्योसाहेब टाळ्या वाजवत गाणं म्हणत आणि मोठा तुकडा घेत. हा-गोनला ते पत्रातून टोमणाही मारत: 'तुझ्या त्या मावसभावाकडे बघ, चेहऱ्यावरच शिस्त दिसते.' यावर हा-गोनने कधी उत्तर दिलं नव्हतं.

तर विश्लेषण सुरू झालं. इंटरनेटवर काही बघायचं नाही, हे प्योसाहेबांनी आधीच ठरवलं. टाइल मोजण्याआधी कारखानदाराची जाहिरात वाचायची नसते. वस्तूनेच बोललं पाहिजे. त्यांनी जेवणाच्या टेबलावर स्वतःची पोलादी पट्टी, भिंग आणि रंगपट्टा मांडला.

आणि वस्तू बोलू लागली. झाकणावर खुर्च्या सहा. आत मुलं पाच! सुटे फोटो पाहिले, तेही पाचांचेच. छायाचित्रांच्या पुस्तकात बत्तिसाव्या पानानंतर एकदम एकेचाळिसावं पान. मधली पानं अशी नाहीशी झालेली की बांधणीपाशी फक्त केसभर रुंदीची कड उरली होती. प्योसाहेबांनी पट्टी लावून ती कड तपासली. अचूक सरळ! तसूभरही फरक नाही. म्हणजे छापखान्यातला अपघात नव्हे. हे मुद्दाम केलेलं.

पण खरा कळस मधल्या जोडपानावर होता. बर्फात टेबलाभोवती पाच मुलं उभी, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये माणसाच्या आकाराचं एक भोक! खांदे, मान, कान, विस्कटलेले केस, सगळं कोरून काढलेलं. आणि त्या भोकातून मागच्या पानावरचा समुद्र दिसत होता. नसलेल्या माणसाच्या जागी समुद्र! त्यांनी दुसरी प्रत उघडली. तिथेही तेच भोक, तोच समुद्र. तिसरीतही तेच. तीन नमुने, तिन्ही सारखे. विज्ञानात याला पुरावा म्हणतात. तिन्ही नमुने एकाच घरातून आलेले नसावेत, असंही विज्ञान म्हणतं. पण विज्ञानाचं सगळंच कुठे ऐकत बसायचं?

"अगं, बघ तरी! अनुपस्थिती हाच या अल्बमचा विषय आहे. काय धाडस त्या चित्रकाराचं!"

मी-रान सोयाबीनच्या आमटीत पळी फिरवत होती. ती न वळताच म्हणाली, "असेल. पण लोकांसमोर नका हो बोलू."

"का?"

"तुम्हाला सर्दी होईल असं वाटतंय."

हा-गोन रजेवर आला. जेवताना त्याने टेबलावरचं ते भोक पाहिलं, मग फ्रिजकडे पाहिलं, मग आईकडे. त्याच्या नाकातून आमटी आली.

"बाबा, हे तुम्ही... म्हणजे हा जो नसलेला..." एवढ्यात टेबलाखाली काहीतरी झालं आणि तो कळवळून म्हणाला, "आई गं! छान आहे. फारच खोल विचार आहे, बाबा."

प्योसाहेब हेलावले. सैन्याने पोराला संवेदनशील केलं होतं.

आता तयारीचा व्याप वाढत चालला. प्रोजेक्टर वृद्धांच्या क्लबाकडे. ते त्यावर गाण्यांचे शब्द लावून दुपारभर गात आणि कुणाला देत नसत. समजा दिलाच, तरी व्यवस्थापक म्हणाला, त्या पोरांचे फोटो पडद्यावर दाखवायचे तर त्यांच्या कंपनीची परवानगी आणा. उद्या त्यांचा वकील आला तर मी तोंड कुठे लपवू? म्हणून प्योसाहेबांनी पुठ्ठ्याचीच प्रतिकृती करायला घेतली, दाराएवढी, भोकासकट. वरच्या मजल्यावरचे योमसाहेब सल्ला द्यायला आले. ते निवृत्त विमा प्रतिनिधी. घाबरवल्याशिवाय माणूस ऐकत नाही, हा त्यांचा अनुभव.

"'दृश्यविश्लेषण' म्हटलंत तर तुमची बायकोसुद्धा यायची नाही. शीर्षकात धक्का हवा, धक्का."

त्यांनीच जाहिरात लिहून दिली: 'किलोवॅटची सहावी खुर्ची रिकामी का? प्यो चुंग-शिक यांचा खळबळजनक उलगडा.' ती लिफ्टमध्ये लागली. लिफ्टमधून शाळकरी मुली जातात. शाळकरी मुलींकडे फोन असतात. दुसऱ्या दिवशी कारकुनाने वर फोन केला की शेजारच्या अन्यांगहून, सुवनहून मुली विचारताहेत, ही बातमी खरी आहे का, किलोवॅटमधून कुणाला काढलं, आणि हे प्यो कोण?

"बघ," प्योसाहेब बायकोला म्हणाले, "गुक सरांच्या वाघासाठी सुवनहून कुणी आलं होतं का?"

व्याख्यानाच्या दिवशी वाचनालयाच्या दाराबाहेर काढलेल्या बुटांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. आत मुलीच मुली, मांडीला मांडी लावून, हातात गाण्याच्या कार्यक्रमात हलवायच्या चमकणाऱ्या कांड्या, चेहरे मात्र सुतकी. पुढे मेंगबाई आणि योमसाहेब. मागे भिंतीला टेकून मी-रान, फोन उलटा धरून.

प्योसाहेबांनी सुरुवात ज्याने हे डबे कागदात टाकले त्याच्यापासून केली. "आपल्या वसाहतीत एक रानटी माणूस राहतो," ते म्हणाले. "डोळे असून न बघणारा. कलाकृती आणि कचरा यांतला फरक न कळणारा. तो आत्ता या खोलीतही असेल." मेंगबाईंनी मान डोलावली. रानट्याचा समाचार चांगला लांबला, कारण तो त्यांनी आरशासमोर घोटून बसवला होता. मग ते मूळ मुद्द्यावर आले. रिकामी खुर्ची. पानांतली दरी. आणि शेवटी त्यांनी पुठ्ठ्यावरची चादर ओढली, आणि ते माणसाएवढं भोक सगळ्यांसमोर उभं राहिलं. त्यातून मागचं पुस्तकांचं कपाट दिसत होतं.

"हा सहावा माणूस कधी नव्हताच!" प्योसाहेब हात उंचावून म्हणाले. "तो म्हणजे आपल्यातली पोकळी आहे!"

खोलीत कुणीतरी हुंदका दिला. मग क्रीडागणवेशातली एक उंच मुलगी उभी राहिली.

"काका, नव्हता म्हणजे काय? तो आहे. काल संध्याकाळी टीव्हीवर नाचत होता!"

"बाळ, कलेकडे बघताना..."

"कलेचं राहू द्या. हे बघा." तिने पिशवीतून स्वतःची प्रत काढली, मधलं जोडपान उघडलं आणि थेट त्यांच्या नाकासमोर धरलं. बर्फ, टेबल, सहा मुलं. भोक नाही. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, समुद्र असायचा त्या जागी, विस्कटलेल्या केसांचा एक गोड पोरगा हसत होता.

"अरे!" प्योसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. "आमचा राओन!"

मग मुलींनी अशी किंकाळी फोडली की वृद्धांच्या क्लबातलं गाणं थांबलं.

"काका! तुम्हीपण राओनचे चाहते?"

"म्हणजे तुम्ही आमच्यातलेच!"

उंच मुलगी मात्र हुशार होती. तिने प्योसाहेबांची प्रत उचलून कडेवरून बोट फिरवलं. "ही पानं कापलेली आहेत," ती म्हणाली. "आणि फक्त राओनचीच. म्हणजे हे डबे ज्याने टाकले, तो या वसाहतीत राहतो आणि त्याचा राओनवर जीव आहे."

मेंगबाईंची मान हळूहळू वळू लागली. वसाहतीतल्या कचऱ्याचे गुन्हे त्यांनी याहून कमी पुराव्यावर उकलले होते. "हा-गोनचे बाबा," त्या म्हणाल्या, "हा पोरगा मी कुठेतरी बघितलाय. लिफ्टमध्ये. कुणाच्या तरी फोनवर."

प्योसाहेबांनी मागे पाहिलं. मी-रान फोन छातीशी धरून उभी होती आणि जमिनीत एखादी फट शोधत होती. आणि अठ्ठावीस वर्षांच्या गुणवत्ता तपासणीत कधी झालं नव्हतं ते झालं: सगळे दोष एकाच वेळी दिसले. बंद खोली. चार दिवसांची साफसफाई. 'परत घरात.' नोव्हेंबरचे ते सगळे केक, आणि दरवेळी त्यांनी खाल्लेला तो मोठा तुकडा.

आता दोनच वाटा होत्या. खरं सांगितलं तर बायको रानटी ठरणार होती आणि ते स्वतः मूर्ख: ज्या पोराला भाचा समजून वाढदिवसाची गाणी म्हटली, त्याच्याच भोकावर व्याख्यान देणारा मूर्ख. दुसऱ्या वाटेने गेलं तर एकटे तेच रानटी ठरत होते. अभिमानी माणसाला मूर्ख ठरण्यापेक्षा रानटी ठरणं कधीही परवडतं. शिवाय बायकोचा चेहरा त्यांना बघवेना. पण हे कारण त्यांनी स्वतःलाही नंतरच सांगितलं.

"डबे मी टाकले," प्योसाहेब म्हणाले. "पानं मी कापली."

"तुम्ही?" मेंगबाई उठल्या. "मग तो रानटी, डोळे असून न बघणारा..."

"मीच. मी आत्मपरीक्षण करत होतो."

योमसाहेबांनी तोंडावर जाहिरात धरली. त्यांचे खांदे हलत होते. मेंगबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला: दंड होईलच, आणि महिन्याचं व्याख्यान यापुढे योमसाहेब देतील, विषय 'अपघात आणि आपण'. गुक सरांची खुर्ची प्योसाहेबांच्या डोळ्यांदेखत वरच्या मजल्यावर गेली.

माणसं उठली. प्योसाहेब आपलं भोक गुंडाळत होते, तेवढ्यात ती उंच मुलगी परत आली. तिने राओनचा एक छोटा फोटो दोन्ही हातांनी पुढे केला आणि कंबरेत वाकली.

"केसांभोवती इतकं नाजूक कापायला आमच्यात कुणालाच जमत नाही," ती म्हणाली. "तुम्ही शिकवाल का, सर?"

अखेर तो शब्द आला. त्यांनी आयुष्यभर वाट पाहिलेला, चारचौघांत, वाकून म्हटलेला. आणि ज्या कौशल्यासाठी आला, ते त्यांचं नव्हतं. प्योसाहेबांनी दोन्ही हातांनी फोटो घेतला आणि घसा खाकरून म्हणाले, "सध्या वेळ नाही, बाळ."

दिलेला शब्द पाळायचा होता. पुढच्या मंगळवारच्या आत नवरा-बायको जेवणघरात जमिनीवर बसून डबे सोडवू लागले. चुंबक इकडे, कापड तिकडे, अत्तराचा कागद नाकापासून लांब.

"एवढे डबे?" शेवटी प्योसाहेबांनी विचारलं.

"जितके जास्त घ्याल तितकी त्याला भेटायच्या सोडतीत नाव निघायची शक्यता जास्त."

"निघालं?"

"नाही."

"आणि भोकं?"

"दवाखान्यातल्या बायकांनाही तोच आवडतो. कापलेले फोटो त्यांना वाटून टाकले."

प्योसाहेबांनी एक चुंबक उचकटून बाजूला ठेवला. "आणि हे-सुकताई?"

"तिला दोन मुलीच आहेत."

मी-रानने हळूच त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत," ती म्हणाली.

प्योसाहेबांनी कापलेल्या पानांची ती कड उजेडात धरली, पोलादी पट्टी लावली, एक डोळा मिटला आणि जे त्यांना देता येत होतं ते प्रशस्तिपत्र दिलं.

"बाकी काही असो. कड मात्र अचूक सरळ कापलीस हं. पट्टीशी तंतोतंत जुळते."

"जुळणारच," मी-रान पुढचा डबा ओढत म्हणाली. "तुमच्याच पट्टीने कापलीय ना. ती वाकडी आहे."

प्योसाहेबांनी पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरली. मग त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या टाइल्सकडे पाहिलं, कंपनीच्याच, याच पट्टीने पास केलेल्या, आणि बराच वेळ पाहतच राहिले.